पिवळ्या उजेडातला दिलावर

नाटकात टाळ्या राजाला मिळतात, पण राजा राजासारखा दिसतो तो दिवेवाल्यामुळे. हे मला उशिरा कळलं. तोवर माझी अशी समजूत होती की मी रंगमंचावर पाऊल टाकलं की उजेड आपणहून वाढतो. तो वाढवणारा माणूस उजव्या विंगेत उकिडवा बसलेला असे, दातांत वायर धरून. त्याचं नाव दिलावर.

पाचाडपासून पोलादपूरपर्यंत कुठल्याही वाडीत जत्रेला नाटक बसलं की उजेडाचं काम दिलावरकडे, हे ठरलेलं. महाडच्या बाजारपेठेमागे त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे लटकत्या वायरींचं जंगल, आणि मध्ये बसायला एक स्टूल. त्याचे वडील ट्रकवर होते. मुलानेही ट्रकवर जावं अशी त्यांची इच्छा. पण दिलावरला ट्रकमध्ये आवडायचे ते फक्त हेडलाइट.

तेव्हा आमच्याकडे डिमर वगैरे कुठला? दिलावरने तो लोणच्याच्या बरणीत केला. बरणीत मिठाचं पाणी, पाण्यात तांब्याची पट्टी. पट्टी हळूहळू बुडवली की दिवे तेज होत, वर ओढली की मंद होत. प्रेमाचा प्रवेश सुरू झाला की बरणीतलं पाणी उकळू लागे आणि विंगेत खारट वाफ पसरे. नायिका शिंकली तर लोक समजत, बिचारी रडते आहे.

त्याचा आवडता रंग पिवळा. दिव्यावर लावायचे रंगीत जिलेटिनचे कागद त्याच्याकडे सगळे होते, पण सकाळ पिवळी, दरबार पिवळा, मरणही पिवळं. एकदा मी विचारलं तर म्हणाला, “राजे, पिवळ्यात माणूस खातापिता दिसतो. पांढऱ्यात बघा, सगळेच आजारी.”

मी आयुष्यभर राजांची कामं केली म्हणून तो मला ‘राजे’ म्हणतो. खऱ्या आयुष्यात माझं राज्य पोलादपूरच्या दोन खोल्यांएवढं आहे. त्याचं त्याला काही नाही. भर बाजारात, मी हातात मेथीची जुडी घेऊन उभा असताना तो “राजे, इकडं” अशी हाक मारतो आणि भाजीवाल्या बायका वळून बघतात.

अशा माणसाला परवाच्या पावसाळ्यात कावीळ झाली. गल्लीतली पाण्याची पाइप कुठेतरी फुटली होती, नळाला गढूळ पाणी येत होतं, आणि घरटी एकेक माणूस पिवळा पडला होता. महाडच्या डॉक्टर दर्शना, म्हणजे आमच्या पोलादपूरचीच मुलगी, तिने रक्त तपासून सांगितलं, “चाचा, हिपॅटायटिस ई. पाण्यातून येणारा व्हायरस आहे. विश्रांती घ्या, पाणी उकळून प्या. शरीर स्वतःच त्याला हाकलून लावेल.”

दिलावरला एवढ्यावर समाधान होईना. नुसतं पडून राहायचं, ह्याला उपचार कसं म्हणायचं? तो वरंधच्या वरच्या वाडीत येसूबाईकडे गेला. येसूबाई काविळीची माळ देते. कसल्याशा झुडपाच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफायचे आणि ती माळ डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक माळ वाढते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, पोटावर. जसजशी माळ उतरते तसतशी कावीळ उतरते, असं आमच्याकडे पूर्वापार मानतात.

माळ उतरली. कावीळही उतरली. दिलावरने डॉक्टरला पेढे दिले, येसूबाईला पेढे दिले, आणि पाइप दुरुस्त करणाऱ्यालाही दिले. फक्त घरात एक गोष्ट मागे राहिली. आजारपणात महरुन्निसाभाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्यासाठी निळ्या फुलाचा कप वेगळा काढला होता. तो कप वेगळाच राहिला. त्याने आपला जुना कप परत मागितला नाही आणि त्यांच्याही लक्षात आलं नाही. दुकानात कुणी चहा आणला तरी तो “माझा झाला” म्हणून मोकळा होई.

दिवाळीनंतर वरंधच्या वाडीतले लोक माझ्याकडे आले. त्यांना चैत्राच्या जत्रेत ‘तलवार भूपाळगडची’ पुन्हा बसवायचं होतं. आमचं तरुणपणीचं नाटक. राजा भूपाळ मीच असायचो. आता राजा नव्या पोराने व्हायचं, तालीम मी घ्यायची, आणि दिवे अर्थातच दिलावरचे.

पहिल्या दिवशी तो आला तो पिवळा दिवा घेऊनच. तालमीला कुणी दिवे लावतं का? मी म्हटलं, “दिल्या, अजून चार महिने आहेत.” तो म्हणाला, “पोरांना सवय पायजे, राजे.” रोज तो दिव्याच्या अगदी झोतात स्टूल टाकून बसायचा. पूर्वी शिडीवर माकडासारखा चढणारा माणूस आता पोरांना चढायला सांगे. सांधे दुखतात म्हणे. भूक नाही म्हणे. मी म्हटलं, वय झालं. आपल्या दोघांचंही झालं.

एक दिवस भरात आलेल्या तालमीत लाइट गेली. मी मोबाइलची बॅटरी लावली आणि सहज त्याच्याकडे वळवली. पांढऱ्या उजेडात त्याचे डोळे हळदीच्या पाण्यासारखे दिसले.

“बॅटरी बाजूला घ्या, राजे.”

“कधीपासून आहे हे?”

“काय कधीपासून?”

“दिल्या, मला राजा म्हणतोस ना? मग राजाला खोटं सांगू नये.”

त्याने शर्टाची बटणं काढली. आत येसूबाईची दुसरी माळ होती, पार बेंबीपर्यंत उतरलेली. “उतरतेय,” तो म्हणाला. “घरी पण मी पिवळेच बल्ब लावलेत. बायकोला कळलं तर परत सगळं वेगळं होईल. ताट वेगळं, टॉवेल वेगळा. गल्लीतले लोक लांबून सलाम करतील. आणि तुम्ही दिवे दुसऱ्याला द्याल.”

सगळ्यांनाच पिवळं दिसायला लावून स्वतःचा पिवळेपणा लपवायचा, हे आमच्या दिवेवाल्यालाच सुचावं. मी तालीम आवरली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींना फोन केला आणि म्हटलं, नवऱ्याला अंगणात उन्हात आणा आणि डोळ्यांत बघा. फोनवरून मला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला, “या अल्ला, ह्या माणसाने माझं घर नाटकाचं थेटर केलं.”

दर्शनाने पुन्हा रक्त तपासलं. व्हायरस गेलेला होता. पण लिव्हरला सूज होती, पहिल्यापेक्षा जास्त. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला. सगळे रिपोर्ट आल्यावर आम्ही तिघं दर्शनासमोर बसलो. दिलावर, भाभी आणि मी.

“चाचा, ही कावीळ ती नाही,” ती म्हणाली. “व्हायरस आला तेव्हा तुमच्या शरीरातल्या शिपायांनी त्याला मारलं. पण तो गेल्यावरही शिपाई थांबले नाहीत. आता ते तुमच्याच लिव्हरवर हात चालवतायत. ह्याला ऑटोइम्यून हिपॅटायटिस म्हणतात.”

दिलावर खुर्चीत पुढे सरकला. “म्हणजे माझीच माणसं मला मारतायत?”

“हो.”

“मी काय केलंय त्यांचं?”

“काहीच नाही. व्हायरसचा एखादा भाग आणि लिव्हरचा एखादा भाग दिसायला सारखा असतो, त्यामुळे शिपाई फसतात, असं एक कारण सांगतात. त्या व्हायरसनेच हे सुरू केलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित आजार आधीपासून दबून असेल आणि त्या काविळीने त्याला जागं केलं असेल. पण अशा काविळीनंतर हे झालेली माणसं डॉक्टरांनी पाहिली आहेत.”

“आणि नाय थांबले ते शिपाई तर?”

“तर लिव्हरला घट्टे पडत जातात. एक दिवस ते काम सोडतं.” तिने ते सरळ सांगितलं, त्याबद्दल मला तिचं कौतुक वाटलं.

भाभींनी पदर तोंडाला लावला. दिलावर टेबलावरच्या काचेकडे बघत राहिला. त्याला समजलं नव्हतं, हे मला दिसत होतं. माणूस घाबरला की ऐकतो, पण त्याच्या डोक्यात शिरत नाही. मी म्हटलं, “दिल्या, कोंडाजी आठव.”

तो माझ्याकडे वळला आणि त्या खोलीत पहिल्यांदा हसला.

दर्शनाला गोष्ट सांगावी लागली. ‘तलवार भूपाळगडची’चा पहिला प्रयोग. वरंधचा कोंडाजी लाकडं तोडायचा, दंड असे की अंगरख्याच्या बाह्या उसवाव्या लागल्या. त्याला संवाद एकही नव्हता. त्याला एवढंच सांगितलं होतं की लाल फेटा दिसला की मार. शत्रूचे फेटे लाल, आमचे हिरवे. प्रयोगाच्या दिवशी कपडेपटवाल्याने हिरवे फेटे पाठवलेच नाहीत. दोन्हीकडे लालच आले. आम्ही म्हटलं, चालवून घेऊ. कोंडाजीला सांगायचं राहून गेलं.

लढाईत त्याने शत्रूला असं झोडपलं की शत्रू ठरल्यापेक्षा आधीच पळाला. मी पुढे होऊन म्हटलं, “शाबास, वीरा.” त्याने माझा लाल फेटा बघितला आणि लाकडी तलवार माझ्या पाठीत घातली. मग प्रधानाच्या. मग सेनापतीच्या. पडद्याची दोरी अडकली होती. लोक शिट्ट्या वाजवत होते, त्यांना वाटलं फितुरीचा प्रवेश आहे. शेवटी दिलावरने बरणीतली पट्टी उपसून वर काढली. सगळीकडे अंधार झाला, आणि कोंडाजी जागच्या जागी उभा राहिला. लाल दिसेना, मग मारणार कुणाला?

दर्शना डोळे पुसत हसत होती. दिलावर मात्र आता गंभीर होता. तो हिशेब जुळवत होता. “म्हणजे व्हायरस शत्रू. लिव्हर म्हणजे आपले राजे. शिपाई म्हणजे कोंड्या. मग ह्यावर गोळी कुठली?”

“गोळी म्हणजे तुमचा अंधार, चाचा. स्टेरॉईडच्या गोळ्या आहेत, शिपायांना आवरतात. म्हणून तर मी आधी हिपॅटायटिस बी आणि सी ह्या दोन्ही व्हायरसच्या तपासण्या करून घेतल्या. आत खरा शत्रू दडलेला असताना अंधार केला असता, तर त्याचंच फावलं असतं. तुमच्यात नाही कुणी.”

“आणि हे घरात दुसऱ्याला...” भाभींनी विचारायला सुरुवात केली.

“लागत नाही. कुणालाच नाही.”

त्या दिवशी घरी गेल्यावर भाभींनी निळ्या फुलाच्या कपात माती भरली आणि पुदिना लावला. दिलावरच्या गळ्यातली माळ काढून त्यांनी स्विचबोर्डाच्या खिळ्याला अडकवली. येसूबाईकडून एक ताजी माळही मागवली आणि तीही शेजारी टांगली. महिनाभरात ती माळ जमिनीला टेकली. काड्या वाळल्या की गाठी सैल होतात, माळ कुणाच्याही गळ्यात वाढते. भाभी येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवून सांगत, “बघा, खिळ्याची कावीळ उतरली.” पुढे येसूबाई बाजाराला आली तेव्हा तिलाही दाखवली. येसूबाई कपाळाला हात लावून म्हणाली, “आता मी काय करू गो? लोक मागतात, मी देतंय. पण जो येल त्याला सांगीन, माळ घाल नि डॉक्टरकडं पण जा.” आणि ती सांगते. मी ऐकलं आहे.

गोळ्यांनी दिलावरची भूक परत आली, आणि आली ती सगळं घर खाऊन टाकील अशी आली. चेहरा गोल झाला. भाभी म्हणाल्या, “राजेभाऊ, मला म्हातारपणी नवा नवरा मिळाला. पण हा जुन्यापेक्षा जास्त बोलतो.” साखर थोडी वाढली, ती डॉक्टरने सांभाळली. डोळे हळूहळू पांढरे झाले. शारजाहून शहबाज, म्हणजे त्यांचा मुलगा, व्हिडिओवर रोज विचारी, “अब्बा, गोळी?” आणि दिलावर मोबाइलच्या कॅमेऱ्याला जीभ दाखवी.

फाल्गुन संपत आला, तालमी रंगल्या. दिलावर शिडीवर चढू लागला. पांढऱ्या उजेडातही बसू लागला. मी मनात म्हटलं, जिंकलं.

एका दुपारी त्याच्या घरी जेवत होतो. तो तिसऱ्यांदा भात घेत म्हणाला, “राजे, उतरली.”

“काय?”

“कावीळ. पार उतरली. डोळे बघा, बगळ्यासारखे. मग मी गोळी सोडली.”

भाभींच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. “कधी?”

“झाले काय थोडे दिवस. तोंड बघ ना माझं, भोपळा झालाय. जत्रेत लोक येणार, मी विंगेत मावणार नाय. आणि बरा झाल्यावर औषध कोण खातो? कोंड्या थांबलाय. गप उभा हाय तो.”

मी बरंच काही बोललो असतो. लांबलचक स्वगतांची मला सवय आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं की ही गोळी मनाने एकदम सोडायची नाही, ते मी सांगणार होतो, हातवारेही तयार होते. भाभींनी मला हाताने थांबवलं. कोंडाजीच्या त्या प्रयोगाला त्या नवी नवरी म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या होत्या, हे मी विसरलो होतो.

“अंधार केलात तेव्हा कोंडाजी थांबला ना?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“थांबला.”

“मग तुम्हाला वाटलं आता झालं. तुम्ही पट्टी परत पाण्यात बुडवलीत. खस्सकन. सगळे दिवे एकदम लागले. मग काय झालं? सांगा की. राजेभाऊंना सांगा.”

दिलावरने घास खाली ठेवला. माझ्या पाठीला तर चाळीस वर्षांनी आपोआप कळ आली. कारण दिवे लागल्यावर कोंडाजीने जिथे हात थांबवला होता, तिथूनच पुढे मारायला सुरुवात केली होती. राहिलेला एक फटकाही त्याने सोडला नव्हता.

“जिथं थांबला होता तिथूनच,” दिलावर हळूच म्हणाला.

“मग?”

“मग काय. गोळी कुठं ठेवलीस गो?”

“तुम्ही फेकलीत का ठेवलीत ते तुम्हाला ठाऊक.”

ती जिलेटिनच्या डब्यात, पिवळ्या कागदांखाली सापडली. त्याच संध्याकाळी मी त्याला दर्शनाकडे नेलं. रक्तात सूज पुन्हा डोकं वर काढत होती. डोळे अजून पांढरे होते, पण आत कोंडाजीने तलवार उचलली होती. दर्शना रागावली नाही, ह्यापेक्षा रागावली असती तर दिलावरला बरं वाटलं असतं. तिने गोळी परत सुरू केली, सोबत दुसरी एक गोळी दिली, आणि म्हणाली, “उतरली हा शब्द तुम्ही वापरायचा नाही. तो मी वापरीन. आणि कमी करायची तेव्हा आपण थोडी थोडी करू, प्रत्येक वेळी रक्त बघून.”

“म्हणजे पट्टी जरा जरा बुडवायची, कोंड्याकडं बघत बघत,” दिलावर म्हणाला.

“कसली पट्टी?” तिने मला विचारलं. कोंडाजीच्या गोष्टीत पट्टी ओझरती आली होती, पण बरणीची गोष्ट तिला सांगायची राहिली होती. ती सांगताना पुढचे पेशंटही आत येऊन उभे राहिले.

त्या दिवसापासून रोज सकाळी, नाश्त्यानंतर, दिलावर गोळी जिभेवर ठेवतो आणि म्हणतो, “कोंडाजी, बस.” मग पाणी पितो. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक झालं आहे. समोरचा बेकरीवाला तर ते ऐकूनच आपली रक्तदाबाची गोळी घेतो.

जत्रेच्या आधी रक्त तपासलं. सूज खाली आली होती, पहिल्यापेक्षाही खाली. डॉक्टरने जागरण करायचं नाही म्हणून सांगितलं होतं. वाडीच्या लोकांनी बैठक घेतली आणि कधी नव्हे ते नाटक दिवेलागणीलाच सुरू करायचं ठरवलं. एक म्हातारा कुरकुरला, की इतक्या लवकर भूपाळ कसा मरणार, अजून गुरंसुद्धा गोठ्यात आली नसतील. पण ठरलं ते ठरलं.

प्रयोगाआधी विंगेत कुणीतरी काठी टेकत आलं. खुद्द कोंडाजी. दंड आता काटक्यांसारखे, पण आवाज तोच.

“दिल्या, माझं नाव घेऊन गोळी गिळतोस म्हणं रोज?”

“कुणी सांगितलं?”

“सगळ्या मुलखाला ठाऊक हाय. मला तेवढं तुम्ही शेवटी सांगता. तेव्हा पण फेट्याचं कुणी सांगितलं नाय.” तो स्टुलावर टेकला. “दाव बघू ती गोळी.”

दिलावरने खिशातल्या पाकिटातली गोळी दाखवली. कोंडाजीने ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

“एवढीशी? आणि हिच्यानं मी बसतो?”

“बसतोस खरा.”

“मग घे बाबा. पण बोलताना जरा मानानं बोल. कोंडाजीराव, बसा, म्हण.”

नाटक सुरू झालं. लढाईचा प्रवेश आला. ह्या खेपेला फेटे मी स्वतः मोजून, रंग बघून बांधले होते. आता दिलावरकडे शहबाजने पाठवलेला नवा डिमर आहे, बटण फिरवायचं फक्त. पण लढाई संपून अंधार झाला, तेव्हा उजेड आणायला त्याने बटणाला हात लावला नाही. कोपऱ्यातली जुनी लोणच्याची बरणी पुढे ओढली. अंधारातून तांब्याची पट्टी मिठाच्या पाण्यात एकेक रेघ बुडवत गेला. राजाच्या चेहऱ्यावर उजेड इतका हळू चढला की लोकांना वाटलं खरंच पहाट होते आहे. पट्टी बुडवताना दिलावर रंगमंचाकडे बघतच नव्हता. तो पहिल्या रांगेत बसलेल्या कोंडाजीकडे बघत होता.

कोंडाजीने दोन्ही हात काठीवर ठेवले होते. तो जागचा हलला नाही.